ब्लाइंड वाढण्याआधी

लिफ्टचं बटण मी दोनदा दाबतो. पहिल्याच वेळी दिवा लागलेला दिसतो, तरी दाबतो. बायको शेजारी असली की म्हणते, "दाब अजून एकदा, म्हणजे लिफ्टला कळेल साहेब खोळंबलेत." मायक्रोवेव्हमधले शेवटचे दहा सेकंद मला सोसत नाहीत; दार उघडतो आणि कोमट चहा पितो. वारज्याच्या चौकात सिग्नल साठवरून खाली यायला लागला की माझा डावा पाय क्लचवर नाचायला लागतो. समोरच्या माणसाने बोलायला सुरुवात केली की त्याला काय म्हणायचंय ते मला कळलेलं असतं, निदान तसं वाटतं, आणि मग त्याच्या आधी मीच त्याचं वाक्य संपवून मोकळा होतो.

जन्मतः मी असा नव्हतो. शाळेत माझा पेपर नेहमी अर्धा राहायचा, कारण मी अक्षर घोटत बसायचो. ही घाई मला एका खेळाने लावली. खेळातल्या पानांनी नव्हे, खेळातल्या घड्याळाने. हे कळायला मला सात-आठ वर्षं लागली, आणि कळलं तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं.

सुरुवात कंपनीच्या बसमध्ये झाली. सकाळी वारज्यात चढायचं, हिंजवडीला उतरायचं. मधे चांदणी चौकात बस रुतून बसायची आणि आत चाळीस माणसं माना खाली घालून आपापल्या मोबाइलमध्ये. शेजारी बसणारा सहकारी पोकर खेळायचा. त्याने मला दोन दिवसांत शिकवलं. दोन पानं तुमच्या हातात, पाच पानं सगळ्यांसाठी टेबलावर, आणि बोली लावत जायचं. समोरच्याला तुमची पानं दिसत नाहीत, त्याला दिसते ती फक्त तुमची बोली. स्पर्धा असेल तर सगळ्यांना सारख्याच चिप्स मिळतात. त्या संपल्या की तुम्ही बाहेर. शेवटी जो एकटा उरतो तो जिंकला. एवढं कळलं तरी पुरे आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहितोय ती. तीन पत्तीत जसा बूट, तसा पोकरमध्ये ब्लाइंड. प्रत्येक डावात दोघांना पानं बघायच्या आधीच ठरलेल्या चिप्स टाकाव्या लागतात. पाळी टेबलाभोवती फिरत राहते. स्पर्धा पुढे सरकते तसा हा ब्लाइंड वाढतो. किती वेळाने वाढतो यावर माणसं कशी खेळणार ते ठरतं. संथ स्पर्धेत तो पंधरा-पंधरा मिनिटं जागचा हलत नाही. टर्बो नावाचा प्रकार असतो, त्यात तीन मिनिटांनी वाढतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात उलटं घड्याळ चालू असतं, आणि बस चांदणी चौकातून बाहेर पडेतो ब्लाइंड चौपट झालेला असतो.

बसमध्ये कोण संथ खेळणार? आम्ही टर्बोवालेच.

टर्बोत चांगल्या पानांची वाट बघत बसलात तर न खेळताच खलास व्हाल. आठ-दहा ब्लाइंडना पुरतील एवढ्याच चिप्स उरल्या की दोनच गोष्टी करता येतात: आहे ते सगळं पुढे ढकला, नाहीतर पानं टाका, म्हणजे तो डाव सोडून द्या. थोडं लावून बघू, हा काय करतो ते पाहू, पुढचं पान येऊ दे, असल्या गोष्टींना चिप्सही नसतात आणि वेळही नसतो. कुठल्या पानांवर ढकलायचं आणि कुठली टाकायची याचा एक तक्ता असतो. तो मला पाढ्यांसारखा पाठ होता. विचार करायचा नाही, तक्ता आठवायचा.

आणि ज्याच्याकडे चिप्स जास्त, त्याने ढकलतच राहायचं. समोरच्याची पानं तुमच्यापेक्षा चांगली असली तरी तो टाकतो, कारण चुकलं तर तो बाहेर जाणार, तुम्ही नाही. विशेषतः बक्षिसापर्यंत पोचायला एक-दोन जणच बाहेर जायचे उरले असले की सगळे जीव मुठीत धरून बसतात. तेव्हा मी पानं बघायचोसुद्धा नाही. ढकल, ढकल, ढकल. टेबलावरची सगळी माणसं मुकाट्याने पानं टाकायची. फार बरं वाटायचं. सगळ्यांना आपलं म्हणणं पटतंय असं वाटायचं.

पुढे कायदा आला आणि पैशाचे खेळ बंद झाले. बायको म्हणाली, "चला, मी चार वर्षं सांगत होते ते सरकारने तरी ऐकलं." मी काही फार हरलो नव्हतो, जिंकलोही नव्हतो. पण गंमत अशी की मी फुकटच्या चिप्सवर खेळत राहिलो. ज्या चिप्सनी वडापावसुद्धा येत नाही त्यांच्यासाठी माझा तोच घाम, तोच पाय. मला पैशाची चटक नव्हती, त्या तीन मिनिटांची होती. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

ऑफिसात याचा फायदाच झाला. मीटिंगमध्ये कोणी "मला वाटतं की" म्हणाला की मी "बरोबर, मग असं करू या" म्हणायचो आणि उठायचो. साहेब खूश. माझ्या वार्षिक शेऱ्यात 'झटपट निर्णय घेतो' असं लिहून आलं. तो कागद मी घरी आणून बायकोला दाखवला होता. तिने तो वाचला आणि म्हणाली, "निर्णय घेतो म्हटलंय. बरोबर घेतो असं कुठे म्हटलंय?"

बाबांचं बिबवेवाडीत इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं. दहा बाय बाराचा स्वतःचा गाळा. होल्डर, स्विच, फ्यूजची तार, पंख्याचे कंडेन्सर, बल्ब. अकोल्याकडच्या एका खेड्यातून ते विशीत पुण्याला आले, आणि चाळीस वर्षं काउंटरमागे उभं राहून असे पुणेरी झाले की मूळचे पुणेकर त्यांचं बोलणं ऐकून निमूट सुट्टे पैसे काढायचे. काउंटरच्या टोकाला भिंतीवर त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेला एक लाकडी बोर्ड ठोकलेला होता. दोन होल्डर, एक सॉकेट, तीन काळे स्विच. दुकानातून बाहेर पडणारा प्रत्येक बल्ब आधी त्या बोर्डावर लागायचा. लागला तरच गिऱ्हाइकाच्या हातात. गिऱ्हाईक म्हणायचं, "राहू द्या हो काका, घाई आहे."

बाबा बल्ब होल्डरमध्ये फिरवत राहायचे. "घाई तुम्हाला आहे. त्याला कुठे आहे?"

पुढे एलईडीचे बल्ब आले, सीलबंद खोक्यातून, दोन वर्षांच्या गॅरंटीचे. बाबा तेही खोकं फोडून बोर्डावर लावून बघायचे. कंपनीचा माणूस एकदा म्हणाला, अहो काका, फॅक्टरीत चेक होऊनच येतात हे. बाबा म्हणाले, "मग तुम्ही फॅक्टरीतच विका." बोर्डाचं लाकूड हात लागून लागून गुळगुळीत काळं झालं होतं. लहानपणी दुकानात गेलो की स्विच दाबायचा मान माझा असायचा.

त्याच काउंटरवर त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि जीभ गेली. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की त्यांना सगळं कळतंय, शब्दही डोक्यात आहेत, पण तोंडापर्यंत येताना वाट चुकतात. आई जाऊन पाच वर्षं झाली होती, त्यामुळे बाबांना आम्ही वारज्याला आमच्याकडे आणलं. त्याआधी दवाखान्यात अकराव्या दिवशी त्यांचा पहिला शब्द आला होता. नर्स सलाइनची सुई दुसऱ्या हातात घालायला निघाली तेव्हा त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "काऊन?"

वऱ्हाडात 'का' असं विचारायचं तर 'काऊन' म्हणतात. आजीच्या तोंडी मी तो शब्द ऐकला होता, बाबांच्या तोंडी कधीच नाही. चाळीस वर्षांचं पुणं खरवडलं गेलं आणि तळाशी होतं ते वर आलं. मला रडू आलं, आणि नर्सला वाटलं मी सुईला घाबरलो.

वाचेच्या उपचारांसाठी एक बाई आठवड्यातून दोनदा घरी यायला लागल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं. "एक पथ्य आहे, आणि ते पेशंटला नाही, तुम्हाला आहे. ते बोलायला लागले की त्यांचं वाक्य तुम्ही—"

"पूर्ण करायचं नाही. कळलं."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "आत्ता तुम्ही माझंच केलंत."

मी प्रयत्न केला नाही असं नाही. पण तो छळ ज्याने भोगलाय त्यालाच कळेल. बाबा "मला" म्हणायचे आणि थांबायचे. तोंड उघडं, कपाळावर शीर, डोळे कुठेतरी शब्द शोधायला गेलेले. एक सेकंद, दोन, तीन. माझ्या डोक्यात ते उलटं घड्याळ सुरू व्हायचं. पाचव्या सेकंदाला मी फुटायचो. "पाणी? चहा? पंखा लावू? टीव्ही?" बाबा यातल्या एकावर मान हलवायचे. मी धावत जाऊन ते आणायचो. मला वाटायचं, काय ओळखतो मी बाबांच्या मनातलं!

बायको त्यांच्यासमोर मेथी निवडत बसायची. ती बघायचीही नाही त्यांच्याकडे, काड्या मोडत राहायची. संध्याकाळी मला सांगायची, "आज बाबा म्हणाले, भाजीत मीठ नाही." किंवा, "म्हणाले, त्याच्या आईला मेथी आवडायची." मला राग यायचा. खरंच सांगतो, स्वतःच्या बापावर राग यायचा. तिच्याशी वाक्यं आणि माझ्याशी मान?

दुकान पाच महिने बंद होतं. शेजारच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकणारा होता, त्याला दोन गाळे एक करायचे होते. त्याचा फोन आला. भाव रास्त होता. फक्त त्याला दसऱ्याचा मुहूर्त गाठायचा होता आणि त्याला तीन आठवडे उरले होते. मुदत ऐकली आणि माझ्या अंगात एकदम उत्साह आला. हे आता मला सांगायला लाज वाटते, पण आला.

रविवारी सकाळी बाबांना खुर्चीत बसवलं आणि मी उभ्यानेच विचारलं. "बाबा, दुकान देऊन टाकू या ना? नुसतं बंद पडून शटर गंजतंय. शेजारचा चांगला भाव देतोय, त्याला दसऱ्याला उघडायचंय."

बाबांनी खिडकीकडे बघितलं. मग माझ्याकडे. ओठ जुळवले.

"दे... पण..."

"पण-बिण काही नाही बाबा. कागदपत्रं, माल, सामान, सगळं मी बघतो. तुम्ही कसलंही टेन्शन घेऊ नका."

त्यांचं तोंड उघडंच होतं. डावा हात खुर्चीच्या हातावरून थोडा उचलला गेला होता. तो त्यांनी खाली ठेवला आणि मान हलवली.

आत जाऊन मी बायकोला म्हणालो, बाबांनी होकार दिला. तिने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, मान हलवली. "म्हणजे तूच बोललास," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

दोन दिवसांत मी गाळा रिकामा केला. माल एका होलसेलवाल्याने उचलला, रॅक शेजाऱ्याने ठेवून घेतले, उरलेलं भंगारात. भंगारवाल्याने टेम्पो भरत आणला आणि बोर्डाकडे बोट दाखवून विचारलं, "सायेब, ह्ये बी काढायचं हाय का?" मी दारात उभा होतो, मोबाइलमध्ये. टर्बो चालू होती आणि माझ्याकडे सात ब्लाइंड उरले होते. "सगळं काढा," मी म्हणालो, "पटकन." त्याने पहार घातली. खिळे करकरत निघाले ते ऐकू आलं. भिंतीवर बोर्डाच्या जागी चौकोनी फिकट रंग राहिला. तो मी पाहिला, आणि पुन्हा मान खाली घातली.

त्यानंतर बाबा बोलायचे थांबले. आधी माझ्याशी, मग हळूहळू बायकोशीही. वाचेच्या बाईंनी तीन-चार वेळा बघितलं आणि मग मला पुन्हा बाहेरच्या खोलीत बसवलं. "मागच्या महिन्यात पाच-सहा शब्दांचं वाक्य जुळवत होते. आता प्रयत्नच करत नाहीत. आता प्रयत्न सोडला ना, तर आलेलं आहे तेही जाईल. मग मी येऊन उपयोग नाही." या वेळी मी त्यांना पूर्ण बोलू दिलं.

बाईंनी विचारलं, त्यांना कशाची आवड होती? मी म्हटलं, पत्त्यांची. गणपतीत मंडळाच्या मांडवात मेंढीकोट खेळायचे आणि एकेका पानाला इतका वेळ लावायचे की भिडू म्हणायचे, तोवर आम्ही चहा पिऊन येतो. बाई म्हणाल्या, मग खेळू द्या की. मेंढीकोटाला चार जण लागतात. घरात तीन, त्यातली एक पानाला हात न लावणारी. म्हणून मी माझा टॅब आणला आणि बाबांना फुकटच्या चिप्सवर पोकर शिकवलं. पानांची ओळख जन्माची होती, त्यांना फारसं शिकवावं लागलं नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना टर्बोत बसवलं. दुसरं काही असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बाबा आपली दोन पानं नीट बघत होते तोवर वेळ संपायची आणि यंत्रच त्यांची पानं टाकून द्यायचं. असं सात-आठदा झालं. मग त्यांनी टॅब पालथा ठेवला.

दारातून बायको म्हणाली, "अरे, जरा सावकाशीची स्पर्धा नसते का यात?"

असते. पंधरा मिनिटांचा ब्लाइंड, ढीगभर चिप्स, प्रत्येक चालीला तीस सेकंद, आणि शिवाय प्रत्येकाच्या खात्यात थोडा राखीव वेळ, अडला तर वापरायला. मी आयुष्यात ती उघडली नव्हती. आम्ही बसवाले तिला पेन्शनरांची स्पर्धा म्हणायचो.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर बाबा गॅलरीत खुर्चीवर बसले, मांडीवर उशी, उशीवर टॅब. डाव्या हाताच्या एका बोटाने खेळायला लागले. प्रत्येक चालीला पूर्ण तीस सेकंद, वर राखीव वेळही. टेबलावरच्या एकाने लिहिलं, 'अंकल सो गए क्या'. बाबांनी ते वाचलं, चष्म्यावरून टॅबकडे बघितलं आणि आणखी वेळ घेतला. थोड्या चिप्स लावायच्या, पुढचं पान बघायचं, समोरचा किती वेळ घेतो ते बघायचं, पटलं नाही तर सोडून द्यायचं. ब्लाइंड क्वचितच हलत होता, त्यामुळे हे सगळं परवडत होतं. मी ज्या गोष्टींना वेळ नाही म्हणून कधी केल्या नाहीत त्या सगळ्या बाबा करत होते. दीड तासात त्यांच्या चिप्स दुप्पट झाल्या.

मी मात्र गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत. फ्रिज उघडला, बंद केला. दोनदा माझं बोट न राहवून टॅबकडे गेलं आणि बाबांनी डाव्या हाताने त्याच्यावर चापट मारली.

मग दुसरं एक टेबल मोडलं आणि तिथला एक खेळाडू या टेबलावर आला. तिथे भरपूर चिप्स जिंकलेला. त्याने आल्यापासून प्रत्येक डावात सगळं पुढे ढकलायला सुरुवात केली. बाबा पानं टाकायला लागले. एक्का-राजा आला, टाकला. राण्यांची जोडी आली, तीही टाकली. राण्यांची जोडी टाकलेली मला बघवेना. माझा तक्ता आतून ओरडत होता.

"बाबा, अहो, राण्या टाकतात का? तुमची पानं त्याच्यापेक्षा चांगली असणार. तो नुसता दामटतोय. का टाकताय?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. टॅब बाजूच्या स्टुलावर ठेवला.

"तो..."

मी तोंड उघडलं. दारात बायको ओल्या हातांनी उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मी किका मोजल्या.

"तो... थां...बत नाही."

अजून तीन किका.

"तुझ्या... सारखा."

स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली. टॅबवर बाबांची पाळी आली, वेळ संपली, पानं आपोआप टाकली गेली. बाबांचं बोलणं अजून संपलं नव्हतं. "मग... नको... वाटतं."

पाणी, चहा, पंखा, टीव्ही, दुकान. त्यांनी मान हलवली होती त्या सगळ्या वेळा मला एकदम आठवल्या. एवढे दिवस मी म्हणत होतो की बाबांना माझं पटतं. बाबा पानं टाकत होते. हातात काय होतं ते न दाखवता, एकामागून एक. मी गॅलरीच्या फरशीवर बसलो.

"बाबा, त्या दिवशी दुकानाचं विचारलं तेव्हा तुम्ही 'पण' म्हणाला होतात. पुढे काय म्हणायचं होतं?"

बाबा बघत राहिले. मी विचारलंय यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता बहुतेक. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मी बसलो. पाय हलत होता, त्याच्यावर हात ठेवला. हात हलायला लागला. हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ गॅलरीतून दिसतं. माझी नजर तिकडे गेली, मी ती परत आणली, ती पुन्हा गेली. बाबांनी ते पाहिलं. त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा जरासा वर गेला.

"ब्लाइंड... वाढ...तायत का?"

बायकोला दारातच हसू फुटलं. मी पण हसलो, आणि हसता हसता डोळे भरून आले, कारण सात महिन्यांनी काउंटरमागचा माणूस बोलला होता. काही गेलं नव्हतं. सगळं आत होतं, तसंच्या तसं, फक्त समोर कोणी थांबायला हवं होतं. मला इतका आनंद झाला होता की मी मूळ काय विचारलं होतं तेही विसरलो.

बाबा विसरले नव्हते. हसणं संपू दिलं त्यांनी. मग पुन्हा कपाळावर शीर आली. मी थांबलो. या वेळी खरंच थांबलो, घड्याळाकडे न बघता.

"दे... म्हटलं. पण... बोर्ड... काढून आण." त्यांनी डावा अंगठा हवेत खाली दाबला, स्विच दाबतात तसा. "इथे... लावू."

आणतो, हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. सोपा होता. आणतो म्हणायचं, वेळ काढायचा, रविवार पेठेत जाऊन लाकूड-होल्डर घेऊन तसाच एक करून घ्यायचा, जुना दिसेल असा. एका सेकंदात हे सगळं जुळलं. मी बाबांच्या अंगठ्याकडे बघितलं. तो अजून तसाच दाबलेला होता.

"बाबा," मी म्हणालो, "तो बोर्ड..."

आणि पुढचा शब्द येईना. मी तोंड उघडलं, मिटलं. बायकोने काही म्हणावं म्हणून तिच्याकडे बघितलं, ती खाली बघत होती. बाबा माझ्याकडे बघत होते. ते पुढे वाकले नाहीत, हरवला का, विकला का, असं काही विचारलं नाही, मान हलवली नाही. चाळीस वर्षं गिऱ्हाइकासमोर बल्ब लागेपर्यंत जसे उभे राहायचे तसे ते बसून राहिले, माझ्याकडे बघत.

"...मी भंगारात दिला. न बघता."

किती वेळ लागला मला माहीत नाही. स्टुलावर टॅबचं टेबल चालू होतं आणि बाबांची पानं आपोआप टाकली जात होती. माझं वाक्य पूर्ण संपलं याची खात्री होईपर्यंत ते थांबले. मग त्यांचे ओठ जुळले आणि त्यांनी विचारलं,

"काऊन?"